चारशेची आठशे करणारी काच

“चारशेची लेन्स आहे, तरी पक्षी लहानच येतो. टेलीकन्व्हर्टर लावून काम भागेल का?” पक्ष्यांच्या फोटोंचा नाद लागून वर्ष-दीड वर्ष झालं की हा प्रश्न हटकून येतो. ६०० मिमी एफ/४ ची लेन्स घ्यायची तर छोट्या मोटारीएवढे पैसे मोजावे लागतात आणि तीन किलोंच्या आसपासचं ओझं वागवावं लागतं. त्याउलट मुठीत मावणारं, पाव किलोच्या आगेमागे वजनाचं एक नळकांडं चारशेचे साडेपाचशे किंवा आठशे करून देणार असेल, तर मोह पडणं साहजिक आहे.

पण या प्रश्नाचं उत्तर कन्व्हर्टरवर फारसं ठरत नाही. ते ठरतं तुमच्या लेन्सवर, त्या वेळच्या उजेडावर आणि पक्ष्यापासूनच्या अंतरावर. ते कसं, हे क्रमाने पाहू.

१. पक्षी लहान का येतो?

कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा केवढी पडणार हे तीन गोष्टींवरून ठरतं. पक्षी मुळात केवढा आहे, तो किती लांब आहे आणि लेन्सची फोकल लेंग्थ किती आहे. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे ज्या अंतरावर स्पष्ट उमटते, ते अंतर म्हणजे फोकल लेंग्थ. चारशेची लेन्स म्हणजे ४०० मिमी फोकल लेंग्थची लेन्स. ही लांबी जितकी जास्त, तितकी प्रतिमा मोठी.

हिशेब अगदी सोपा आहे. पक्ष्याच्या लांबीला फोकल लेंग्थने गुणायचं आणि अंतराने भागायचं. ओढ्याकाठच्या फांदीवर बसलेला छोटा खंड्या घ्या. त्याची लांबी चोचीसकट साधारण १६ सेंटिमीटर, म्हणजे १६० मिमी. तुम्ही १६ मीटरवर, म्हणजे १६,००० मिमी लांब उभे आहात. १६० गुणिले ४००, भागिले १६,००० म्हणजे ४ मिमी. फुलफ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. म्हणजे खंड्याने चौकटीचा नववा हिस्सा व्यापला. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर रुंदीत ६,००० पिक्सेल असतात, त्यातले सुमारे ६७० खंड्याच्या वाट्याला आले.

खंड्या ८ मिमीचा करायचा तर दोन मार्ग आहेत. आठ मीटरवर जा, नाहीतर ८०० मिमीची लेन्स लावा. पहिला मार्ग नेहमीच सर्वांत चांगला, पण खंड्याने तो मान्य करायला हवा. दुसऱ्याला पैसे लागतात. टेलीकन्व्हर्टर हा तिसरा मार्ग.

२. मधली काच काय करते?

टेलीकन्व्हर्टर लेन्स आणि कॅमेऱ्याची बॉडी यांच्या मधे बसतो. दिसायला तो एक्स्टेन्शन ट्यूबसारखा असतो, पण ट्यूब पोकळ असते आणि कन्व्हर्टरमध्ये काचा असतात. कॅननच्या तिसऱ्या पिढीतल्या १.४ पटीच्या एक्स्टेंडरमध्ये सात काचा आहेत, दोन पटीच्यात नऊ. (कॅनन त्याला एक्स्टेंडर म्हणते, वस्तू तीच.) या सगळ्या काचांचा मिळून परिणाम एका अंतर्वक्र भिंगाचा असतो, म्हणजे कडेला जाड आणि मधे पातळ अशा भिंगाचा.

बहिर्वक्र भिंग किरणांना एकत्र आणतं आणि अंतर्वक्र त्यांना पसरवतं, हे शाळेत आपण शिकलो आहोत. पुढची लेन्स किरणांना एका बिंदूकडे नेत असते. तो बिंदू येण्याच्या थोडं आधी कन्व्हर्टरची काच त्यांना गाठते आणि जरा फाकवते. किरण मिळतात, पण थोडे पुढे आणि जास्त निमुळत्या कोनात. सेन्सरच्या दृष्टीने ते जणू अधिक लांब लेन्समधून आलेले असतात. प्रतिमा मोठी होते, तिच्या कडा सेन्सरच्या बाहेर सांडतात आणि मधला भाग तेवढा चौकटीत राहतो.

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीजवळ ‘बार्लो लावा’ असं कुणी म्हणताना तुम्ही ऐकलं असेल. ती हीच काच. इंग्लिश गणितज्ञ पीटर बार्लो यांच्या नावाचं हे भिंग १८३० च्या दशकापासून दुर्बिणींत वापरलं जातंय. पुढे १८९१ मध्ये लंडनच्या थॉमस डालमायर यांनी टेलिफोटो लेन्सचं पेटंट घेतलं. तिच्यातही पुढे किरण एकत्र आणणारा गट आणि मागे फाकवणारा गट अशीच रचना होती. आज आपण वापरतो त्या टेलिफोटो लेन्सच्या पोटात असा एक गट आधीच असतो. कन्व्हर्टरने आपण त्यात आणखी एक जोडतो.

३. प्रकाश कुठे जातो?

इथे घरातलं उदाहरण उपयोगी पडेल. कणकेचा एक गोळा घेतला आणि नेहमीएवढी पोळी लाटली. आता तोच गोळा दुप्पट रुंद लाटला, तर पोळी मोठी होईल पण पातळ होईल, कारण कणीक तेवढीच आहे. टेलीकन्व्हर्टर प्रकाशाचं नेमकं हेच करतो. लेन्सच्या तोंडातून आत येणारा प्रकाश तेवढाच असतो, फक्त तो जास्त जागेवर पसरतो.

किती पातळ होतो ते मोजता येतं. लेन्सवरचा एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थला अ‍ॅपर्चरच्या भोकाच्या व्यासाने भागल्यावर येणारी संख्या. ३०० मिमी एफ/४ लेन्सचं भोक ७५ मिमी. मागे १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की फोकल लेंग्थ ४२० होते, पण भोक ७५ मिमीच राहतं. ४२० भागिले ७५ म्हणजे ५.६. लेन्स झाली ४२० मिमी एफ/५.६. दोन पटीचा लावला तर ६०० मिमी एफ/८.

फोटोग्राफीत प्रकाश निम्मा झाला की एक स्टॉप गेला म्हणतात. १.४ पटीत एक स्टॉप जातो, निकॉनच्या जुन्या १.७ पटीच्या कन्व्हर्टरमध्ये दीड, आणि दोन पटीत दोन, म्हणजे प्रकाश चौथाई उरतो. आधी एफ/४, १/१००० सेकंद आणि आयएसओ ४०० अशी सेटिंग होती असं धरू. शटर तोच ठेवायचा तर १.४ लावल्यावर आयएसओ ८०० करावा लागेल आणि दोन पटीला १६००. ऑटो आयएसओ असेल तर हे काम कॅमेरा स्वतःच करतो. कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंना सोनेरी पिनांची ओळ असते, तिच्यातून नवा आकडा बॉडीला कळतो आणि स्क्रीनवर एफ/५.६ किंवा एफ/८ दिसू लागतं.

आयएसओ वाढल्यावर फोटोत दाणे येतील, ही भीती मात्र अर्धीच खरी आहे. खंड्याच्या अंगावरून निघून लेन्समध्ये शिरलेला एकूण प्रकाश कन्व्हर्टरने बदललेला नाही. पिसांवरचा दाणेदारपणा वाढतो, पण पक्षीही तितकाच मोठा होतो. कन्व्हर्टर न लावता काढलेला फोटो कापून त्याच आकारात मोठा केला, तर दोन्हींतले दाणे जवळपास सारखेच दिसतील. आयएसओला घाबरून कन्व्हर्टर बाजूला ठेवू नका. त्याची खरी किंमत दुसरीकडे वसूल होते.

४. फोकस का चाचपडतो?

पहिली वसुली ऑटोफोकसची. आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस पाहणारी यंत्रणा लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या किरणांची तुलना करते. दोन्ही प्रतिमा जुळल्या की फोकस झाला. अ‍ॅपर्चर बारीक झालं की कडेचे किरण त्या यंत्रणेपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून बहुतेक डीएसएलआर एफ/५.६ च्या पुढे हात टेकतात. वरच्या वर्गातल्या काही बॉड्या एफ/८ पर्यंत जातात, त्याही बऱ्याचदा मधल्या मोजक्या बिंदूंवरच. एफ/५.६ च्या झूमला १.४ पटीचा कन्व्हर्टर लावून जुन्या बॉडीवर बसवला की लेन्स पुढे-मागे घरघरत राहते, ती यामुळे.

मिररलेस कॅमेऱ्यांनी हे चित्र पालटलं. त्यांत फोकसचे बिंदू सेन्सरवरच असल्याने ते बरंच बारीक अ‍ॅपर्चर सहन करतात. कॅननने २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिमीच्या एफ/११ लेन्स काढल्या. त्यांना दोन पटीचा एक्स्टेंडर लावला की एफ/२२ होतं, आणि आर५ बॉडीवर तेवढ्यातही ऑटोफोकस चालतो. चालतो म्हणजे भर उन्हात, स्थिर बसलेल्या पक्ष्यावर. संध्याकाळी उडत्या घारीवर तीच अपेक्षा धरू नये.

वेगाचाही प्रश्न आहे. कॅननच्या ईएफ मालिकेत १.४ पटीचा एक्स्टेंडर लावला की फोकस मोटरचा वेग मुद्दाम निम्मा केला जातो आणि दोन पटीच्याला चौथाई. घाईत फोकस चुकण्यापेक्षा सावकाश पण अचूक व्हावा, म्हणून. जमिनीवर बसलेल्या चंडोलाला याने काही फरक पडत नाही. पाण्यावर सूर मारणाऱ्या सुरयाला पडतो.

५. फोटो सॉफ्ट का येतो?

भिगवणच्या उजनी जलाशयात होडीतून काढलेले रोहित पक्ष्याचे दोन फोटो संगणकावर शेजारी शेजारी उघडून पाहा. एक नुसत्या लेन्सचा, एक दोन पटीच्या कन्व्हर्टरचा. पूर्ण चौकटीत दुसरा जास्त सुंदर वाटतो, कारण पक्षी मोठा आहे. शंभर टक्के मोठं करून मानेवर या. पहिल्यात पिसांच्या बारीक रेघा सुट्या दिसतात. दुसऱ्यात त्या एकमेकींत मिसळून दुधाळ पट्टा झालेला असतो आणि चोचीच्या काळ्या टोकाभोवती अंधूक जांभळी कड दिसते. ही कड बहुतेक वेळा कन्व्हर्टरने निर्माण केलेली नसते. लेन्समध्ये ती आधीपासूनच होती, आता दुप्पट झाली. लेन्सने जे दिलं, ते गुणदोषांसकट मोठं करणं एवढंच कन्व्हर्टरला येतं. म्हणून धारदार प्राइम (एकाच फोकल लेंग्थच्या) लेन्सवर १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला आहे हे पुष्कळदा ओळखूही येत नाही, आणि साध्या झूमवर तोच कन्व्हर्टर निराशा करतो.

पण सॉफ्ट फोटोंचं खापर दर वेळी काचेवर फोडू नये. माझ्या मते निम्म्याहून अधिक दोष हाताच्या हलण्याचा असतो. फोकल लेंग्थ दुप्पट झाली की हाताचा कंपही दुप्पट दिसतो. शटर किमान फोकल लेंग्थच्या आकड्याएवढा तरी वेगवान हवा, हा जुना नियम इथे धरायचा: ४०० मिमीला १/४००, ८०० मिमीला १/८००. लेन्समधलं स्थिरीकरण हाताचा कंप शोषतं, पण होडीचं डुलणं आणि पक्ष्याची मान ते थांबवू शकत नाही. अशा वेळी १/१६०० वर जा आणि आयएसओ वाढवा.

दुसरं कारण हवा. उन्हं चढली की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते. सोलापूरकडच्या माळरानावर सकाळी नऊ-दहानंतर दीडशे मीटरवरचं काळवीट पाण्याखाली उभं असल्यासारखं दिसतं. या थरथरीवर जगातली कुठलीही लेन्स उपाय नाही, आणि कन्व्हर्टर लावला तर थरथरही मोठी होते. अशा वेळी तो काढून पिशवीत टाकावा.

तिसरं कारण खुद्द प्रकाशाच्या स्वभावात आहे. बारीक भोकातून जाताना प्रकाश थोडा पसरतो. एफ/११ ला एका बिंदूचा सुमारे १५ मायक्रॉनचा ठिपका होतो, आणि ४५ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साडेचार मायक्रॉनहूनही लहान असतो. पक्ष्यावरचा तपशील यामुळे हरवत नाही, कारण लेन्सचं भोक तेवढंच आहे. फक्त दुप्पट मोठा झालेला पक्षी दुप्पट तपशील देईल, ही आशा फोल ठरते.

६. मग फोटो कापून मोठा का करू नये?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पटीने कापला तर १२ मेगापिक्सेल उरतात, दोन पटीने कापला तर ६. मोबाइलवर पाहायला सहा पुरतात. मासिकात पानभर छापायला किंवा भिंतीवर मोठा लावायला ते कमी पडू लागतात.

निकाल लावायला घरच्या गच्चीवर एक साधी चाचणी करता येते. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान पंधरा-वीस मीटरवरच्या भिंतीला सपाट चिकटवा. कॅमेरा तिपाईवर, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. एक फोटो कन्व्हर्टरशिवाय, एक लावून. संगणकावर पहिला फोटो दुसऱ्याएवढा मोठा करा आणि सर्वांत बारीक अक्षरं वाचा. कन्व्हर्टरच्या फोटोत एखादा जास्तीचा शब्द वाचता आला, तर त्या लेन्सवर तो खरंच काही तरी देतोय. दोन्हींत अक्षरं सारखीच पुसट असतील, तर कापणंच बरं; त्यात फोकसही वेगवान राहतो आणि उडून चौकटीबाहेर जाणारा पक्षीही हातचा जात नाही.

७. जवळच्या जिवांसाठी

कन्व्हर्टरचा एक फायदा फार थोडे लोक वापरतात. लेन्स कमीत कमी किती अंतरावर फोकस करते ते कन्व्हर्टरने बदलत नाही. म्हणजे दीड मीटरवर फोकस करणारी ३०० मिमीची लेन्स कन्व्हर्टर लावूनही दीड मीटरवरच फोकस करते, पण प्रतिमा मोठी देते. अशा लेन्समध्ये वस्तूची प्रतिमा प्रत्यक्षाच्या सुमारे ०.२४ पट पडते. पाच सेंटिमीटरचा चतुर सेन्सरवर १२ मिमीचा येतो; १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की जवळपास १७ मिमीचा. चतुर गवताच्या शेंड्यावर बसलेलाच राहतो, तुमची सावली त्याच्यावर पडत नाही आणि पंखांची जाळी मोजता येईल इतकी स्पष्ट मिळते. पावसाळ्यानंतर कोकणात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी फिरणाऱ्यांनी हे नक्की करून पाहावं.

चंद्रही असाच सोयीचा. त्याच्या प्रतिमेची रुंदी म्हणजे फोकल लेंग्थ भागिले साधारण ११०. म्हणजे चारशेला साडेतीन मिमीच्या आसपास, आठशेला सव्वासात. चंद्रावर थेट सूर्यप्रकाश असतो, त्यामुळे उजेडाची चणचण नाही. एफ/११, आयएसओ ४००, १/४०० सेकंद ही पौर्णिमेच्या चंद्राची चांगली सुरुवात आहे. दोन पटीचा कन्व्हर्टर कुठे बिनधास्त वापरावा असं विचाराल, तर मी आधी चंद्राकडे बोट दाखवीन.

८. घ्यायचा तर कुठला?

आधी तो तुमच्या लेन्सला बसतो का ते पाहा. कॅननच्या एक्स्टेंडरची पुढची काच कडीच्या बाहेर डोकावते आणि लेन्सच्या मागच्या बाजूने आत शिरते. ज्या लेन्सची मागची काच माउंटला टेकलेली आहे, तिला तो बसणारच नाही. जोर करू नये, काच काचेवर आपटते. काही लेन्सना तो अर्धाच चालतो. कॅननच्या आरएफ १००-५०० मिमी झूमवर एक्स्टेंडर फक्त ३०० मिमीच्या पुढे वापरता येतो. प्रत्येक कंपनी कुठल्या लेन्सला काय चालतं याची यादी देते, ती दुकानात जाण्याआधी वाचावी.

माझं मत असं. ३०० एफ/४, ४०० एफ/५.६ किंवा ५०० एफ/४ सारखी प्राइम असेल तर १.४ पटीचा कन्व्हर्टर डोळे मिटून घ्या. इतक्या पैशात इतकी पोहोच दुसरं काहीही देत नाही. एफ/५.६ ची प्राइम असेल तर बॉडी एफ/८ ला फोकस करते का, एवढं मात्र तपासा. दोन पटीचा एफ/२.८ लेन्ससाठीच ठेवा. ७०-२०० एफ/२.८ त्याने १४०-४०० एफ/५.६ होते आणि प्रवासात एक लेन्स वाचते. कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या झूमसाठी किंवा ६०० मिमीला एफ/६.३ वर येणाऱ्या झूमसाठी पैसे घालू नका. तेवढ्या पैशात ताडोबाची आणखी एक सफर होते.

बड्या लेन्समध्ये आता कन्व्हर्टर पोटातच येऊ लागला आहे. कॅननच्या २०१३ च्या २००-४०० एफ/४ मध्ये १.४ पटीचा गट एका खटक्यावर आत सरकतो. निकॉनने २०२२ मध्ये झेड मालिकेच्या ४०० एफ/२.८ आणि ६०० एफ/४ मध्ये तीच सोय दिली. तिचं महत्त्व उन्हाळ्यात जंगल सफारीच्या जिप्सीत बसल्यावर कळतं. मुरूम-मातीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीचा धुरळा अंगावर येत असताना बॉडी उघडून कन्व्हर्टर लावणं म्हणजे सेन्सरवर माती शिंपडणं. सुटा कन्व्हर्टर असेल तर तो गेटवरच लावायचा, नाहीतर लावायचाच नाही. आणि पहाटेच्या पहिल्या फेरीत तो पिशवीतच राहू द्या, त्या वेळी जंगलात प्रकाशाचा एकेक स्टॉप मोलाचा असतो.

पुण्या-मुंबईत लेन्स आणि कन्व्हर्टर भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणा, एक सकाळ वर्तमानपत्राच्या पानावर घालवा आणि एक तळ्याकाठी. घरट्याजवळ गेलात तर कन्व्हर्टर लावून लांबच थांबा; पक्षी दर वेळी मान वर करून तुमच्याकडे पाहू लागला, तर आणखी मागे सरका.